परसातली लंगडी कोंबडी

कोकणात काय किंवा देशावर काय, खेड्यातील अनेक घरांच्या परसात चार-सहा कोंबड्या हमखास दिसतात. पहाटे खुराड्याचे दार उघडले की त्या एकामागून एक बाहेर पडतात, अंग झाडतात आणि थेट उकिरड्याकडे धाव घेतात. दिवसभर माती उकरावी, किडे टिपावे, सांडलेले दाणे वेचावे आणि दिवेलागणीला कोणी न बोलावता घरी परतावे, असा त्यांचा नित्यक्रम असतो. त्यांच्या पोटासाठी घरधन्याला फारशी तोशीस पडत नाही. मूठभर कणी, थोडा कोंडा, ताटात उरलेली शिते एवढ्यावर त्यांचे भागते. त्याच्या मोबदल्यात त्या अंडी देतात, पिल्ले वाढवितात. ज्या घरी जमिनीचा तुकडाही नसतो, त्या घरी अंड्यांचे चार पैसे तेला-मिठाला आणि मुलांच्या वह्यांना उपयोगी पडतात. हा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतो. म्हणून कोंबडी दिसावयास लहान असली, तरी तिचे दुखणे लहान नसते.

अशा घरातील एखादी कोंबडी एके दिवशी लंगडू लागते. खुराड्यातून ती सर्वांच्या मागून बाहेर येते, एक पाय अलगद टेकते आणि दोन पावले जाऊन बसते. ते पाहून कोणी म्हणतो, “दोन दिवसांत बरी होईल, राहू द्या.” कोणी म्हणतो, “मरण्याआधी कापलेली बरी.” कोणी उत्साही शेजारी आपल्या घरची उरलेली गोळी आणून तिच्या घशात कोंबतो. हे तिन्ही उपाय एकमेकांहून फार वेगळे वाटतात. पण त्यांत एक दोष सारखाच आहे. कोंबडी का लंगडते, हे तिघांपैकी कोणीही पाहिलेले नसते.

माणसाला ताप येतो, तेव्हा ताप हा स्वतंत्र रोग आहे असे वैद्य मानीत नाही. आत काहीतरी बिघडल्याची ती खूण आहे, असे तो समजतो. लंगडण्याचेही तसेच आहे. पायात काटा रुतला तरी कोंबडी लंगडते, हाड मोडले तरी लंगडते, आणि आहारात एखादे द्रव्य कमी पडले तरीही लंगडते. खूण एक, कारणे अनेक. तेव्हा औषधाआधी निरीक्षण हवे.

हे निरीक्षण प्रथम दुरूनच करावे. आपल्या कोंबड्यांचे पूर्वज आग्नेय आशियातील रानांत राहणारे रानकोंबडे होत. रानात जो पक्षी दुबळा दिसतो, त्याच्यावर शत्रूची झडप आधी पडते. त्यामुळे दुखणे शक्य तितके लपवावयाचे, ही सवय कोंबडीच्या अंगी आजही आहे. माणूस जवळ गेला की ती पाय ओढीत का होईना, पण धावते. म्हणून थोडे लांब उभे राहून काही गोष्टी पाहाव्या. एक पाय दुखतो की दोन्ही? ती पाय टेकते की अधांतरी धरते? लंगडणे एकाएकी सुरू झाले की दिवसेंदिवस वाढत गेले? तिचा तुरा लाल आहे की फिकट? दाणे टाकल्यावर ती उठते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती एकटीच लंगडते की आणखी कोणी तिच्या वाटेवर आहे?

यानंतर तिला हाती घ्यावे. तिन्हीसांजेनंतर कोंबडीला नीट दिसत नाही, ती शांत बसते. त्या वेळी धरणे सोपे जाते. पाय धरून तिला उलटी लोंबकळविण्याची रीत बाजारात सर्रास दिसते. पण ती क्रूर आहे, आणि दुखऱ्या पायाला तर घातकच. दोन्ही तळहातांनी पंख अंगाशी दाबून तिला उचलावे व जुन्या मऊ कापडात गुंडाळून मांडीवर घ्यावे. मग दिव्याच्या उजेडात बोटांपासून वर मांडीपर्यंत पाय तपासावा. दुखरा पाय पाहण्यापूर्वी चांगला पाय पाहून ठेवला, तर फरक चटकन लक्षात येतो. एखादी जागा सुजलेली, गरम किंवा वाकडी असेल, तर ती हाताला कळते.

पुष्कळ वेळा कारण बोटांतच सापडते. परसात पडलेला दोरा, नायलॉनचा धागा, पतंगाच्या मांज्याचा तुकडा किंवा विंचरून टाकलेल्या केसांचा गुंता कोंबडीच्या बोटांत अडकतो. ती चालेल तसतसा तो आवळत जातो. रक्त अडले म्हणजे बोट सुजते, काळे पडते आणि शेवटी वाळून गळते. धागा वेळीच दिसला, तर लहान कात्रीने तो कापण्यास मिनिटभरही लागत नाही. काटा किंवा काचेचा तुकडा रुतला असेल, तर तो चिमट्याने काढून जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी.

कधी तळव्याच्या मधोमध एक सूज दिसते आणि तिच्यावर काळी खपली असते. हे तळव्याचे गळू होय. खडबडीत दगड, ओली घाण जमीन किंवा उंचावरून कठीण भुईवर मारलेली उडी यांमुळे तळव्याला बारीकशी इजा होते व तीतून जंतू आत शिरतात. असा पाय दहा-पंधरा मिनिटे मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, स्वच्छ पुसावा, जंतुनाशक लावून कापडाची पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. गळू दाबून पू काढण्याचा मोह मात्र आवरावा. कोंबडीचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ नसतो. त्याचा घट्ट गोळा बनतो. दाबल्याने तो बाहेर येत नाही, उलट रोग खोल जातो. सूज मोठी असेल, तर पशुवैद्याकडेच जावे. आणि पट्टी बांधून झाल्यावर खुराड्याकडेही पाहावे. बसावयाची दांडी फार उंच असेल तर खाली आणावी, तिची धार काढून ती गोलसर करावी, जमिनीवर भाताचे कोरडे तूस अंथरावे. दांडी उंच आणि जमीन ओली तशीच राहिली, तर आज बरा झालेला पाय महिन्याने पुन्हा सुजेल.

काही कोंबड्यांच्या नडगीवरील खवले उचलल्यासारखे दिसतात आणि त्यांखाली पांढरट चुऱ्यासारखा थर साचतो. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे खवल्यांखाली घर करतात, त्याचा हा परिणाम. पाय कोमट पाण्याने धुऊन त्यावर काही दिवस खोबरेल तेल चोळले, तर किडे गुदमरून मरतात व खवले हळूहळू पूर्ववत होतात. काही लोक रॉकेल लावतात. त्याने कातडी भाजते. हे किडे एका कोंबडीवरून दुसरीवर जातात, म्हणून एकीला तेल लावून भागत नाही. सर्वांचेच पाय चोळावे लागतात.

मुरगळलेल्या पायाला विश्रांती हेच औषध होय. नडगीचे हाड मोडले असेल, तर पशुवैद्याकडून ते बसवून घ्यावे व कामट्या बांधाव्या. पक्ष्यांची हाडे लवकर सांधतात. साधारणतः तीन आठवड्यांत काम होते. मांडीचे हाड मोडल्यास घरगुती खटपट करू नये.

या दिवसांत लंगड्या कोंबडीला वेगळे ठेवणे अवश्य असते. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचावयाचे याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे अभ्यासक थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली हा क्रम शास्त्रीय रीतीने मांडला. दुबळ्या कोंबडीचे स्थान या क्रमात घसरते. इतर तिला टोचतात आणि दाण्यांपासून हाकलतात. पायाच्या दुखण्याने जी मरत नाही, ती उपासमारीने खंगते. म्हणून तिला डालग्याखाली, सावलीत, पाणी व दाणे जवळ ठेवून बसवावे. डालगे मात्र कळपाच्या दृष्टीआड नसावे. ती दिसत राहिली, म्हणजे परतल्यावर तिला परकी समजून होणारा जाच कमी होतो.

परंतु कधी कधी बोट, तळवा, नडगी, मांडी सारे तपासूनही काही सापडत नाही. सूज नाही, जखम नाही, हाड शाबूत आहे, आणि तरीही कोंबडीला उभे राहवत नाही. येथे निरीक्षणाची खरी कसोटी लागते.

एका अंड्याच्या कवचाचे वजन पाच-सहा ग्रॅम असते, आणि ते जवळजवळ सगळे चुनखडीचे बनलेले असते. रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला हा चुना खाण्यातून मिळाला नाही, तर तिचे शरीर तो हाडांतून काढून घेते. अंडी येत राहतात, आणि पाय मात्र दुबळे होत जातात. कुटलेले शिंपले, भाजून बारीक केलेली अंड्यांची टरफले आणि मोकळे ऊन यांनी ही उणीव भरून निघते. लहान पिल्लांना आहारातून ब-२ जीवनसत्त्व कमी पडले, तर त्यांची बोटे आत वळतात व ती घोट्यांवर सरपटतात.

याउलट, तलंगांपैकी एखादीचा एक पाय पुढे आणि दुसरा मागे असा ताणला गेला, तर तो बहुधा मारेकचा रोग असतो. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. विषाणूंमुळे मज्जातंतू सुजून हा लुळेपणा येतो. त्यावर औषध नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याबरोबर दिलेली लस हेच त्याचे निवारण होय. मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, श्वास घरघरतो, पाय लुळे पडतात आणि कोंबड्या पटापट मरू लागतात, तेव्हा मानमोडीची शंका घ्यावी. यालाच राणीखेत रोग असेही म्हणतात. त्यावरही लस हाच उपाय आहे. अशा वेळी मेलेले पक्षी उघड्यावर न टाकता ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविले पाहिजे. आजारी पक्षी कापून खाऊ नये, विकू तर मुळीच नये.

पायाच्या दुखण्याचे कारण पायात न सापडता भलतीकडेच सापडावे, याचे सर्वांत मोठे उदाहरण जावा बेटावर घडले. त्या काळी तेथे डचांचे राज्य होते. सैनिक, कैदी आणि मजूर बेरीबेरी नावाच्या रोगाने मरत असत. प्रथम पाय जड होत, मग लुळे पडत आणि शेवटी हृदय थकत असे. १८८६ साली डच सरकारने या रोगाच्या शोधासाठी काही डॉक्टर पाठविले. त्यांत ख्रिस्तियान आइकमन हा तरुण लष्करी डॉक्टर होता. रोगजंतूंच्या शोधांचा तो काळ असल्यामुळे बेरीबेरीचेही जंतू असणार, अशी सर्वांची खात्री होती. बटाविया येथे, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, एक प्रयोगशाळा स्थापन होऊन आइकमन तिचा प्रमुख झाला.

१८८९ साली या प्रयोगशाळेच्या आवारातील कोंबड्या लंगडू लागल्या. त्यांची चाल डळमळली, त्या अडखळून पडू लागल्या. पुढे त्यांना उठवेना. ही लक्षणे बेरीबेरीसारखीच होती. आइकमनने जंतू शोधले. ते सापडले नाहीत. आजारी कोंबड्यांचे रक्त त्याने निरोगी कोंबड्यांना टोचले. ज्यांना टोचले त्या आजारी पडल्या, आणि ज्यांना टोचले नाही त्याही पडल्या. मग एके दिवशी आणखी चमत्कारिक गोष्ट घडली. कोणतेही औषध न देता उरलेल्या कोंबड्या बऱ्या होऊ लागल्या.

दुसरा एखादा गृहस्थ सुटकेचा निःश्वास सोडून दुसऱ्या कामाला लागला असता. आइकमनने मात्र विचारले, “या दिवसांत येथे बदलले काय?” त्याने कोंबड्यांची निगा राखणाऱ्या माणसाकडे चौकशी केली. तेव्हा कळले की, मध्यंतरी पैसे वाचविण्यासाठी त्या माणसाने लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला, पांढराशुभ्र सडलेल्या तांदळाचा भात कोंबड्यांना घातला होता. पुढे स्वयंपाकी बदलला. लष्करी भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केले. त्याबरोबर कोंबड्या साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या.

आइकमनने मग पद्धतशीर प्रयोग केले. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर कोंबड्या काही आठवड्यांत लुळ्या पडत, आणि कोंडा दिला की पुन्हा चालू लागत. फोर्डरमान या अधिकाऱ्याने जावातील १०१ तुरुंगांची पाहणी करून माणसांच्या बाबतीतही तेच असल्याचे १८९७ साली दाखविले. जेथे पांढरा तांदूळ, तेथे बेरीबेरी फार. जेथे कोंडा राखलेला तांदूळ, तेथे ती अगदी विरळ. पांढऱ्या तांदळात काही विष असावे व कोंड्यात त्याचा उतारा असावा, असे आइकमनला प्रथम वाटले. त्याच्यानंतर काम करणाऱ्या गेरिट ग्राइन्स याने १९०१ साली ते दुरुस्त केले. तांदळात विष नाही; कोंड्याबरोबर शरीरास आवश्यक असे काहीतरी निघून जाते, असे त्याने सांगितले. हे ‘काहीतरी’ म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व. १९२६ साली बटावियातच ते शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले, आणि १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. उखळात घरी सडलेला, लालसर छटेचा हातसडीचा तांदूळ आणि कोंबड्यांना घातला जाणारा कोंडा कोकणातील घरांना पूर्वापार ठाऊक आहे. त्या कोंड्याचे मोल काय, हे जगाला कळले ते आवारातल्या लंगड्या कोंबड्यांमुळे.

आइकमनजवळ सूक्ष्मदर्शक होता, पण त्याचा शोध सूक्ष्मदर्शकात सापडला नाही. “बदलले काय?” हा प्रश्न विचारावयास कोणतेही उपकरण लागत नाही; परसात उभी असलेली मुलगीही तो विचारू शकते. गेल्या आठ दिवसांत दाणा बदलला का? खुराडे नव्या जागी नेले का? पावसाने जमीन ओली राहिली का? बाजारातून नवी कोंबडी आणली का? शेतात औषध फवारले होते का? अशा साध्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून पशुवैद्याकडे नेली, तर त्यांचे निम्मे काम हलके होते. कोंबडीला बोलता येत नाही. तिची हकीकत तिच्या धन्यालाच सांगावी लागते.

औषधाच्या बाबतीत एक पथ्य पाळलेच पाहिजे. माणसाच्या गोळ्या अंदाजाने कोंबडीला देऊ नयेत. पोटात गेलेले औषध अंड्यात उतरते आणि ते अंडे घरातलेच कोणीतरी लहान मूल खाते. पशुवैद्यांनी औषध दिले, तर अंडी किती दिवस खावयाची नाहीत हेही त्यांना विचारून घ्यावे. पायाला हात लावल्यानंतर आपले हात साबणाने धुवावे.

इतके करूनही प्रत्येक कोंबडी वाचेलच, असे नाही. काही दुखणी उपायापलीकडची असतात. अशा वेळी तिचे हाल लांबवू नयेत, हाही दयेचाच भाग आहे; मात्र तो निर्णय जाणत्या माणसाच्या सल्ल्याने घ्यावा, कंटाळ्याने घेऊ नये. माणसाने रानातल्या या पाखराला हजारो वर्षांपूर्वी आपल्या अंगणात आणले, आणि तेव्हापासून ते त्याच्या विश्वासावर राहत आले आहे. संध्याकाळी ते आपण होऊन खुराड्यात शिरते. त्याला दाणा घालणे आणि रात्री दार नीट लावणे हे धन्याचे कर्तव्य आहेच. ते पाय ओढीत आले, तर खाली बसून तो पाय हाती घेणे, हेही त्याच कर्तव्यात येते.

शब्दार्थ

तोशीस : खर्चाचा किंवा श्रमाचा त्रास
अधांतरी : आधाराशिवाय, मध्येच
नडगी : गुडघ्याखालचा पायाचा पुढचा भाग
कामट्या : बांबूच्या पातळ चिरफळ्या
तूस : भाताच्या दाण्यावरील टरफल
डालगे : कोंबड्या झाकावयाची बांबूची टोपली
तलंग : अंडी देण्याच्या वयाला येत असलेली कोंबडी
उतारा : विषाचा परिणाम नाहीसा करणारी वस्तू

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) कोंबडीचे निरीक्षण प्रथम दुरून का करावे?
(आ) तळव्याचे गळू दाबून का काढू नये?
(इ) लंगड्या कोंबडीला कळपापासून वेगळे, पण दृष्टीसमोर का ठेवावे?

२. कारणे द्या.
(अ) खवल्यांतील किड्यांवर उपाय करताना सर्वच कोंबड्यांच्या पायांना तेल चोळावे लागते.
(आ) रोज अंडी देणाऱ्या कोंबडीचे पाय कधी कधी दुबळे होतात.

३. “बदलले काय?” या प्रश्नामुळे आइकमनला कोणता शोध लागला, ते आपल्या शब्दांत आठ-दहा वाक्यांत सांगा. ग्राइन्सने त्याच्या मतात कोणती दुरुस्ती केली?

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तोशीस पडणे, कसोटी लागणे, मोह आवरणे, सुटकेचा निःश्वास सोडणे.

५. ‘उकिरडा, खुराडे, डालगे, कणी, कोंडा’ यांसारखे परसाशी संबंधित आणखी दहा शब्द घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.

६. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या पाळीव प्राण्याचे आठ दिवस निरीक्षण करा. त्याचे खाणे, चालणे व विश्रांती यांची रोज नोंद ठेवा आणि आढळलेला एक बदल वर्गात सांगा.